दोन वर्षांच्या मुलाचे पथ्य

एखादे अन्न लहान मुलाला सोसत नाही, असे घरात म्हटले जाते तेव्हा त्यामागे निदान तीन वेगळी कारणे असू शकतात, आणि तिन्हींची पथ्ये एकमेकांशी जुळत नाहीत. पहिले कारण दुधातल्या साखरेचे. लॅक्टोज नावाची ही साखर पचवणारे विकर लहान आतड्याच्या अस्तरात तयार होते. जुलाबाच्या आजारात ते अस्तर सोलवटले की विकर कमी पडते. मग दूध पोटात गेले की पोट फुगते, आंबूस वासाचे फेसाळ जुलाब होतात, ढुंगण लाल होते. अस्तर भरून आले की, बहुधा काही आठवड्यांतच, ही तक्रार संपते. जन्मापासून लॅक्टोज न पचणारे मूल अतिशय दुर्मीळ असते, आणि मोठ्या माणसांना वयपरत्वे जडणारी दुधाची तक्रार दोन वर्षांच्या मुलाला सहसा नसते.

दुसरे कारण दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच दुधावर उलटते. काही मुलांच्या अंगावर दूध पिताच पित्त उठते, ओठ सुजतात, उलटी होते. काहींमध्ये मात्र शौचातून आव-रक्त पडणे, इसब चिघळणे, वजन न वाढणे अशी लक्षणे काही तासांनी किंवा दिवसांनी दिसतात आणि त्यांचा दुधाशी संबंध चटकन लागत नाही. तिसरे कारण सिलिअ‍ॅक हा आजार. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेनमुळे आतड्यातले अन्नरस शोषणारे सूक्ष्म उंचवटे झडून अस्तर सपाट होते. पोट पुढे आलेले, नितंब नि मांड्या वाळलेल्या, स्वभाव चिडका, रक्तक्षय लोहाच्या औषधाला दाद न देणारा, असे हे मूल अनेकदा जंत, दात किंवा कुपोषण यांच्या खाती जमा होते. लॅक्टोजचे पथ्य काही आठवड्यांचे, अ‍ॅलर्जीचे बहुधा काही वर्षांचे आणि सिलिअ‍ॅकचे जन्माचे. तिन्हींना ‘बाळाला काही पचत नाही’ या एकाच सदरात टाकले की चुकीचा पदार्थ चुकीच्या मुदतीसाठी बंद होतो.

पथ्याने सिलिअ‍ॅकचे मूल सुधारते, हे डॉक्टरांना लवकर उमगले. नेमके कशाच्या पथ्याने, हे कळायला साठाहून अधिक वर्षे गेली. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयात सॅम्युएल गी यांनी 1887 मध्ये या आजारावर व्याख्यान दिले. रोगी बरा होणार असेल तर तो आहारानेच होईल, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या एका बालरुग्णाला रोज लिटरभराहून थोड्या जास्त मापाचे उत्तम डच शिंपले खायला घातले जात आणि त्यावर तो चांगला बाळसे धरू लागला. शिंपल्यांचा हंगाम सरला तसा आजार उलटला. पुढच्या हंगामात त्या मुलाने शिंपल्यांना तोंडच लावले नाही. दोन वर्षांच्या मुलाला पथ्याचे जेवण भरवणाऱ्या कोणाही आईला ही नोंद ओळखीची वाटेल.

न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी 1924 मध्ये केळ्यांचे पथ्य प्रसिद्ध केले. पाव, बिस्किटे, बटाटे आणि सगळी धान्ये बंद. भाज्या, मांस, चीज, फळे आणि भरपूर पिकलेली केळी चालू. मुले झपाट्याने सुधारली. हास यांनी दोष स्टार्चला दिला आणि श्रेय केळ्याला. दोन्ही चूक होते. बंद केलेल्या पदार्थांत गहू होता, एवढ्यानेच काम झाले होते. पथ्य लागू पडले म्हणून त्यामागचा सिद्धांत खरा ठरत नाही. आजही एखाद्या आहाराने मूल सुधारल्याचे सांगितले जाते, तेव्हा हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खरा दोषी शोधला तो हेग शहरातील ज्युलियाना बालरुग्णालयाचे डॉ. विलेम डिके यांनी. गव्हावर त्यांचा संशय 1930 च्या दशकापासूनच होता. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, लोकांवर ट्युलिपचे कंद खाण्याची वेळ आली. या काळात सिलिअ‍ॅकची मुले बिघडण्याऐवजी सुधारली, आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली. गहू काढून, पुन्हा देऊन, परत काढून केलेल्या मोजमापांवर आधारलेला डिके यांचा प्रबंध 1950 मध्ये उट्रेख्टला सादर झाला. दोन वर्षांनी बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी गव्हातले नेमके ग्लुटेनच अपाय करते, हे दाखवले.

हास यांचे पथ्य तरीही संपले नाही. आपल्या मुलीच्या आतड्याच्या आजारासाठी त्यांच्याकडे गेलेल्या एलेन गॉटशाल यांनी ते पुढे ‘स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट’ या नावाने लोकप्रिय केले. धान्ये, बटाटा, साखर, दूध बंद; घरी दीर्घकाळ विरजलेले दही, फळे, मांस, सुकामेवा चालू. त्याच धर्तीचा ‘गॅप्स’ हा आहार मांसाच्या पाण्यापासून सुरुवात करतो आणि स्वमग्नतेपर्यंत अनेक व्याधी बऱ्या करण्याचा दावा करतो. त्याला भक्कम पुरावा नाही. पहिल्या आहाराची क्रोन्स या आतड्याच्या जुनाट आजारात थोडी तपासणी झाली आहे. प्रौढ रुग्णांवर केलेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत सहा आठवड्यांनी त्याचा गुण साध्या भूमध्यसागरी जेवणापेक्षा जास्त आढळला नाही. आतडे ‘भरून काढणाऱ्या’ या आहारांत फार थोडे पदार्थ उरतात. मोठा माणूस ते निभावून नेईल. वाढत्या मुलाला मात्र रोजच्या तुटीची किंमत उंची आणि वजनात मोजावी लागते.

म्हणून आधी निदान, मग पथ्य. सिलिअ‍ॅकचा संशय असेल तर तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही, ही पहिली आणि सर्वाधिक मोडली जाणारी अट. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी प्रतिपिंडांची रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही गहू पोटात जात असतानाच खरे बोलतात. गहू काही महिने बंद असेल तर अहवाल निर्दोष येतो आणि घर कायमचे संभ्रमात राहते: पथ्य पाळावे तर निदान नाही, निदान करावे तर मुलाला पुन्हा गहू खाऊ घालून आजारी पाडावे लागते. दुधाच्या संथ, म्हणजे लक्षणे उशिरा दिसणाऱ्या, अ‍ॅलर्जीला खात्रीची रक्ततपासणी नाही. तिथे दूध दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करून, सुधारणा दिसली तर पुन्हा देऊन पाहणे हीच कसोटी. ‘पुन्हा देऊन पाहणे’ हा तिचा अर्धा भाग बहुतेक घरांत गाळला जातो. मूल आता कुठे बरे आहे, कशाला पुन्हा छेडायचे, ही भावना समजण्याजोगी आहे. पण अनेकदा मूल आपोआप सुधारलेले असते आणि दूध वर्षभर विनाकारण बंद राहते.

बाजारात शेकडो पदार्थांची ‘असहिष्णुता’ एका रक्तनमुन्यात सांगणाऱ्या आयजीजी चाचण्या मिळतात. आयजीजी प्रतिपिंडे मुलाने तो पदार्थ खाल्ला आहे एवढेच सांगतात. युरोप-अमेरिकेतील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी त्या निदानासाठी वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. त्यांचा अहवाल हातात घेऊन गहू, दूध, अंडे, डाळ, शेंगदाणा एकदम बंद करणे हा पैशाचा अपव्यय तर आहेच, मुलावर अन्यायही आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एक ते चार वर्षांच्या काही धडधाकट मुलांना दिवसातून चार-पाच वेळा पातळ शी होते, तिच्यात गाजराचे किंवा मटाराचे तुकडे जसेच्या तसे दिसतात. मूल खेळते, वजन वाढते. हा आजार नव्हे. बाटलीबंद रस, सरबते कमी केली आणि जेवणात तूप-तेल पुरेसे ठेवले की बहुधा फरक पडतो. अशा मुलाला कुठलेच अन्न तोडायची गरज नसते.

सिलिअ‍ॅक ठरल्यावर मराठी घराची एक बाजू भक्कम आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी, वरई या आपल्या धान्यांत ग्लुटेन नाही. भाकरी दोन वर्षांच्या मुलाला चाववत नाही, पण वरणात कुस्करून, वर तूप घालून दिली की जाते. घावन, आंबोळी, धिरडे, मूगडाळीची खिचडी, नाचणीची पेज, ज्वारीची उकड ही यादी परदेशातल्या महागड्या ग्लुटेनमुक्त पावापेक्षा सरस आहे. उपवासाचे साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा हेही चालतात, आणि उपवासाची भांडी नि डबे वेगळे ठेवायची सवय अनेक घरांत आधीच आहे. तीच शिस्त इथे वर्षभर लागते.

दुसरी बाजू लपलेल्या गव्हाची. पोळी, रवा, शेवया, मैदा, बिस्किटे सर्वांना ठाऊक असतात. खपली गहू पौष्टिक म्हणून हल्ली आवर्जून आणला जातो, पण तोही गहूच, त्यातही ग्लुटेन आहे. डबीतल्या हिंगाच्या पुडीत खरा हिंग थोडा आणि बाकी बहुधा गव्हाचे पीठ असते. म्हणजे निव्वळ वरण-भातही फोडणीमुळे पथ्याबाहेर जाऊ शकतो. मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर गहू भाजून घातलेला असतो, आणि मऊ भात-मेतकूट-तूप हे तर आजारी मुलाचे ठरलेले जेवण. थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो. सातूचे पीठ जव किंवा गव्हाचे. दुधात मिसळायच्या माल्टच्या भुकट्यांत जव असतो. ओट्समध्ये दोष नसला तरी ते गव्हाबरोबर हाताळले जातात, त्यामुळे सुरुवातीला टाळलेले बरे.

सर्वात अवघड जागा गिरणी. गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी टाकली की आधीचे पीठ तिच्यात उतरते; बेसनाचीही तीच गत. गिरणीवाल्याने जाते झटकून दिले तरी पाळ्यांत नि कापडी नळीत पीठ राहतेच. धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरवर दळणे किंवा ज्या घरघंटीत गहू कधीच पडलेला नाही तिच्यात दळणे हाच उपाय. इतकी काटेकोरी कशाला, याचे उत्तर आकड्यांत आहे. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेले तरी प्रौढ रुग्णांच्या आतड्याला इजा होते, असे चाचणीत दिसले आहे. एका मध्यम पोळीत साधारण दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे पोळीचा चाळिसावा-पन्नासावा तुकडा, जेमतेम बोटाच्या पेराएवढा, रोज गेला तरी पथ्य मोडले. ‘ग्लुटेनमुक्त’ असा शिक्का असलेल्या पदार्थाला भारतात किलोमागे जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

दुधाच्या बाबतीत गोंधळ वेगळा. लॅक्टोजच्या तक्रारीत दही बहुधा सोसते, कारण विरजण्यात साखरेचा काही भाग सरतो. चीज त्याहून बरे. अ‍ॅलर्जीत मात्र दही, ताक, पनीर, खवा, चीज सगळेच बंद, कारण प्रथिने त्यांतही आहेत. शेळीचे दूध ‘हलके’ म्हणून सुचवले जाते. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातली प्रथिने इतकी सारखी आहेत की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीचे दूधही बाधते. अंगावर पिणाऱ्या मुलाचे आईचे दूध कोणत्याही स्थितीत तोडायचे नसते; क्वचित आईला स्वतःच्या जेवणातून दूध काढावे लागते, तेव्हा तिच्या कॅल्शियमची सोयही पाहावी लागते.

दूध काढले की त्याच्या जागी काय, हा प्रश्न पथ्याइतकाच मोठा आहे. 2001 मध्ये अमेरिकेत अटलांटाच्या डॉक्टरांनी दोन सुखवस्तू घरांतल्या बालकांची हकीकत प्रसिद्ध केली. एकाला दुधाऐवजी तांदळाचे पेय दिले जात होते. त्याला क्वाशिओरकर, म्हणजे दुष्काळी भागात दिसणारी प्रथिनांच्या अभावाची सूज, आली. दुसऱ्याला सोयाचे पेय दिले जाई. त्यात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घातलेले नव्हते, त्याला मुडदूस झाला. दोन्ही घरांत अन्नाची ददात नव्हती. बदामाचे दूध म्हणून विकले जाणारे पेयही बरेचसे पाणीच असते. एक वर्षानंतर, सोया सोसत असेल तर, कॅल्शियम घातलेले सोयादूध हा त्यातल्या त्यात बरा पर्याय. त्याहून लहान मुलासाठी प्रथिने तोडून बनवलेले खास दूध डॉक्टर लिहून देतात. ते महाग असते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 मध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी दिवसाला सुमारे 1010 किलोकॅलरी, 12.5 ग्रॅम प्रथिने, 500 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 8 मिलिग्रॅम लोह असा हिशेब दिला आहे. 400 मिलिलिटर दूध कॅल्शियमची जवळजवळ सगळी गरज भागवते. नाचणीत 100 ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम आहे खरे, पण दोन वर्षांचे मूल दिवसाला नाचणीचे पीठ खाणार 30 ग्रॅम. त्यातून 100 मिलिग्रॅम मिळाले. चमचाभर तिळाची पूड आणखी 50-60 मिलिग्रॅम देते, पण तिळाचीही काही मुलांना अ‍ॅलर्जी असते. राहिलेली तूट औषधी कॅल्शियमने आणि ड जीवनसत्त्वाच्या थेंबांनी भरावी लागते. केवळ ‘नाचणी देतो ना’ म्हणून ती भरत नाही.

ऊर्जेचा प्रश्नही तसाच. या वयाचे पोट लहान, भूक लहरी. पथ्याच्या नावाखाली पातळ पेज, उकडलेली भाजी आणि फळे एवढेच दिले तर पोट भरते, गरज भागत नाही. एक चमचा तूप किंवा तेल 45 किलोकॅलरी देते. खिचडीत दोन चमचे, भाकरीवर एक, एवढ्याने दिवसाची तूट बरीच भरते. दुधाची अ‍ॅलर्जी तीव्र असेल तर तुपातल्या प्रथिनांच्या अंशानेही त्रास होऊ शकतो, तिथे तेल. घट्ट वरण, अंडे, मासळी, कोंबडी जे चालत असेल ते रोज हवे. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात दर महिन्याला वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावरच्या वाढीच्या तक्त्यात ठिपका मांडला की पथ्य लागू पडते आहे की मुलाला पोखरते आहे, ते रेषाच सांगते. लागोपाठ दोन-तीन महिने रेषा सपाट राहिली तर पथ्यातच काही चुकते आहे असे समजून डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ गाठावा.

या वयात नवे अन्न नाकारण्याची खोड भरात असते. एखादी चव मान्य व्हायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा पुढे यावी लागते. त्यामुळे पहिल्या नकारावर पदार्थ बाद करू नये, आणि तोंडात कोंबूही नये. शक्य तेवढे जेवण सगळ्या घराचे एकच असावे. मुलाच्या ताटात वेगळे आणि शेजारच्या ताटात खमंग वेगळे असेल तर मुलाचा हात शेजारीच जाणार. घरातली वडीलधारी मंडळी, शेजार, वाढदिवसाचा केक आणि सत्यनारायणाचा शिरा या पथ्याच्या खऱ्या परीक्षा. शिऱ्यात रवा आणि दूध दोन्ही असतात. ‘प्रसादाला नाही म्हणू नये’ म्हणणाऱ्या आजीशी वाद घालण्यापेक्षा प्रसादाचे एक केळे बाजूला ठेवायला सांगणे सोपे. अंगणवाडीत किंवा पाळणाघरात तोंडी सांगितलेले विसरले जाते. काय द्यायचे नाही आणि त्याऐवजी काय चालेल, हे दोन ओळींत लिहून डब्यावर चिकटवावे. पाकिटावरचा मजकूर वाचायची सवय सगळ्यांनाच लागावी लागते. भारतीय नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्य, दूध, अंडे, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणा व कवचाची फळे, सोया यांचा उल्लेख पाकिटावर करावा लागतो. ‘व्हे’, ‘केसिनेट’, ‘मिल्क सॉलिड्स’ ही दुधाचीच नावे.

पथ्य सुरू करताना ते कधी संपवून पाहायचे, हेही डॉक्टरांशी बोलून लिहून ठेवावे. दुधाची अ‍ॅलर्जी असलेली बहुतेक मुले तीन ते पाच वर्षांची होईपर्यंत तिच्यातून बाहेर येतात. पण ते तपासून पाहिल्याशिवाय कळत नाही. संथ अ‍ॅलर्जीत दूध पायरीपायरीने आणतात: आधी भट्टीत भाजलेल्या बिस्किटातले चिमूटभर, मग केक, मग दही-चीज, शेवटी दूध. पिठाबरोबर बराच वेळ भाजल्याने प्रथिनांचे रूप बदलते, त्यामुळे सुरुवात तिथून. नुसते उकळल्याने तेवढा फरक पडत नाही. अन्न गरजेपेक्षा जास्त काळ तोडणे निरुपद्रवी नाही, याचा मोठा दाखला लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून 2015 मध्ये आला. अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या 640 तान्ह्या मुलांपैकी ज्यांना शेंगदाणा टाळायला लावला त्यांच्यात पाचव्या वर्षी शंभरात सुमारे 17 जणांना त्याची अ‍ॅलर्जी झाली. ज्यांना लवकर आणि नेमाने शेंगदाणा दिला त्यांच्यात फक्त तीन जणांना.

दूध पोटात जाताच ज्याच्या अंगावर पित्त उठले, ओठ सुजले किंवा श्वास लागला, अशा मुलाला तो पदार्थ घरी चाखवून पाहू नये. ती चाचणी रुग्णालयातच व्हावी. सिलिअ‍ॅकमध्ये परत आणायच्या पायऱ्याच नाहीत. मूल बाळसे धरून वर्षानुवर्षे ठणठणीत दिसले तरी गहू बंदच राहतो. आणि हा आजार घराण्यात चालत असल्याने, एका मुलात तो ठरला की सख्खी भावंडे आणि आईवडील यांनीही, काही त्रास नसला तरी, रक्ततपासणी करून घ्यावी.